ससे असतील तोवर

आमच्या मेरिंगलमध्ये अल्बी ट्रेगोनिंगला सगळे ‘नर्स’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. पाठीमागे बोलायचं काम गावाने माझ्यावर सोपवलं होतं, आणि मी ते टपाल कचेरीतल्या टेलिफोन एक्सचेंजवर बसून इमानाने करत असे. गावातला कुठलाही फोन माझ्याच हातून जोडला जायचा. जोडून दिला की कानावरचं यंत्र काढून ठेवायचं, असा सरकारी नियम होता. नियम चांगला होता.

तर हा अल्बी. उंच, पाठीत वाकलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरलेले. धंदा सशांचा. त्या काळी न्यू साउथ वेल्सच्या आमच्या भागात ससे म्हणजे जमिनीला फुटलेली खरूज होती. संध्याकाळी टेकाडाकडे बघितलं तर टेकाडच सरपटतंय असं वाटायचं. गवत खायचे, गवत संपलं की मुळं, मुळं संपली की झाडांच्या साली. मेंढ्या बिचाऱ्या उपाशी उभ्या. अल्बी एका मेंढपाळाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात फिरायचा, सापळे लावायचा, मांस आणि कातडी विकायचा. जिथे ससे तिथे तंबू, आणि तंबूत त्याची बायको डल्सी.

डल्सीच्या आईने लग्नात तिला लिंबाचं रोप दिलं होतं. आमच्याकडे मागच्या दारी लिंबाचं झाड असलं तरच ते घर. नसलं तर नुसता मुक्काम. ते रोप रॉकेलच्या डब्यात लावलेलं होतं आणि गाडीत सगळ्यात शेवटी, भांड्यांच्या वर, डल्सीच्या पायांशी बसायचं. रोपाला डबा पुरेना झाला की मोठा डबा. जमीन काही मिळेना. मी तिला एकदा चिडवलं, “डल्सी, हे झाड तुझ्यापेक्षा जास्त फिरलंय गं. त्याला आता नवरा बघ एखादा घरजावई.”

ती हसली नाही. म्हणाली, “विनी, मूळ गोल गोल फिरायला लागलंय आत. बोट घातलं की लागतं.”

मग रोग आला. सरकारी माणसांनी मुद्दाम सोडलेला, नदीकाठाने डासांच्या पाठीवर बसून आमच्यापर्यंत आलेला. नाव लांबलचक होतं, आम्ही ‘मिक्सो’ म्हणायचो. एका उन्हाळ्यात काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेल्यालाच कळेल. सशांचे डोळे सुजून बंद, नाकाकानांवर गाठी, आंधळे होऊन भर रस्त्यात बसलेले. मोटार आली तरी हलत नसत. कावळे माजले. वास असा की रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा नाकाला रुमाल लावून स्वर्गाचं वर्णन करत होते.

पण गवत आलं! जिथे लाल रेती होती तिथे गुडघ्याएवढं गवत. म्हातारे मेंढपाळ कुंपणाला टेकून नुसते बघत उभे राहायचे. आणि प्रत्येकाला आपल्या रानात मिक्सो हवा होता. ज्याच्याकडे पोचला नव्हता तो शेजाऱ्याकडे मोटार घेऊन जायचा, आजारी ससा पोत्यात घालून आणायचा आणि आपल्या बिळांपाशी सोडायचा. एरवी जे लोक एकमेकांना फावडं उसनं देत नाहीत ते मरणारे ससे आनंदाने देत होते.

अल्बीचा धंदा मात्र बसला. सशाचं मांस कोण खाणार? पबमध्ये कुणी विचारलं, “काय अल्बी, आता काय पकडणार? सर्दी?” सगळे हसले. अल्बीने ग्लास खाली ठेवला आणि तो बाहेर गेला.

त्या आठवड्यात मिस्टर क्वार्टरमेन यांचा फोन आला. क्वार्टरमेन म्हणजे आमच्या भागातले सर्वांत मोठे मेंढ्यांचे मालक. त्यांच्या एडक्यांना जिल्ह्याच्या जत्रेत दरवर्षी पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळायची, आणि वाण या विषयावर ते जेवताना, चालताना आणि एकदा तर एका अंत्यविधीतही बोलले होते. त्यांनी अल्बीला टपाल कचेरीत बोलावून घ्यायला सांगितलं. अल्बी खोक्यासारख्या फोनखोलीत वाकून उभा राहिला.

“अल्बी, माझं रेतीटेकाड माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे, मालक. तिथले ससे मी नावानिशी ओळखतो.”

“नदीपासून लांब आहे. डास कमी. रोग तिथे नीट पोचलाच नाही. तू तिथे राहा. घर आहे, दोन खोल्यांचं, पाण्याची टाकी आहे. टेकाड साफ कर. पुढच्या नाताळला मी स्वतः येऊन फिरेन. ससा दिसला नाही, तर टेकाड आणि घर तुझ्या नावाने कायमच्या पट्ट्यावर.”

“कायमच्या?”

“तू मरेपर्यंत. आणि तुझ्यामागे डल्सीच्या नावाने.”

अल्बीने यंत्र दुसऱ्या कानाला लावलं, ते इतकं खरखरलं की मला वाटलं लाइन तुटली. मग तो म्हणाला, “मागच्या दारी जमीन कशी आहे, मालक? म्हणजे झाड जगेल अशी?”

ते टेकाडावर राहायला गेले त्याच दिवशी डल्सीने मागच्या दारी खड्डा खणला. अल्बी म्हणाला, “अगं, आत्ताच लावू नकोस. नाताळ होऊ दे. एकदा मूळ सोडलं की उपटता येणार नाही.” खड्डा तसाच राहिला. तिने वर पत्रा ठेवला, कुणी पडू नये म्हणून.

तो उन्हाळा अल्बीने पोती भरभरून आजारी ससे टेकाडावर नेले. मेले, पुष्कळ मेले. मग थंडी आली, डास गेले आणि डासांबरोबर रोगही गेला. आमच्याकडे हिवाळ्यात कुठे आजारी ससा शोधून सापडेना. उरलेले मात्र बिळांत सुखाने पिल्लं घालत होते. वसंतात रोग परत कुठून येणार? आलाच तर टेकाडापर्यंत येईल का? अल्बीला झोप लागेना, असं डल्सी मला म्हणाली.

तरी हे ओळखून त्याने पिंजरे आधीच बांधून ठेवले होते. घरामागे, वाऱ्याच्या आडोशाला. थंडी पडण्यापूर्वीच त्याने रोगी ससे आत आणून ठेवले होते, आणि आता तो रफू करायच्या सुईने एकाच्या गाठीतला पू घेऊन दुसऱ्याच्या कानाला टोचायचा. रोग जिवंत ठेवायचा म्हणून. दही लावणारी बाई विरजण राखते ना, तसा हा माणूस रोगाचं विरजण राखत होता. सशांना गवत, पाणी, कोरडं अंथरूण. तेव्हाच त्याचं नाव ‘नर्स’ पडलं.

“काय नर्स, पेशंट कसे आहेत?” पबमध्ये विचारायचे.

“मरताहेत, आभारी आहे,” अल्बी म्हणायचा.

पण एक अडचण होती. कडक रोगाचा ससा आठवडा-दीड आठवड्यात मरून जायचा. मेला की त्याच्याबरोबर विरजणही गेलं. त्याआधी नवा निरोगी ससा पकडून आणायला हवा, आणि थंडीत ससे बिळाबाहेर येत नाहीत. दोनदा तर अल्बीकडे श्वास घेणारा एकच ससा उरला होता. मग त्याच्या ध्यानात आलं की काही ससे मरायला वेळ लावतात. गाठी येतात, डोळे चिकटतात, पण महिनाभर तग धरतात. अल्बी त्यांच्याच गाठीतून पुढचं बी घ्यायला लागला. झटपट मेले त्यांना पुरून टाकायचं, रेंगाळले त्यांच्या रोगाचा वंश पुढे चालवायचा.

एका रविवारी मी चहाला गेले होते. क्वार्टरमेनही आले होते, पिंजरे बघायला. अल्बीने एक राखाडी मादी दाखवली. कान गाठींनी जड होऊन लोंबलेले, पण गाजर खात होती.

“ही आमची महाराणी,” अल्बी म्हणाला. “थंडी सुरू झाली तेव्हापासून आहे. हिच्यापासून टोचलेले सगळे टिकतात, मालक.”

क्वार्टरमेन यांनी चष्मा पुसून तिच्याकडे पाहिलं. “मग तिचाच वाण धर. शाबास! टिकाऊ वाण धरावा. मी एडके निवडताना दुसरं काय करतो? जे हवं ते ज्याच्यात दिसेल, त्याचीच पिल्लं घ्यायची.”

डल्सी चहा ओतत होती. ती म्हणाली, “पण आपल्याला हवं आहे ते हे आहे का? गाजर खाणारं?”

“बाईसाहेब, वाणातलं काही मला कळतं,” क्वार्टरमेन म्हणाले आणि चहाबरोबरच्या छोट्या गोड पावांतला तिसरा स्कोन उचलला.

आम्ही सगळे मेंढपाळांच्या मुलखातली माणसं. लोकरीचा एकेक केस लांब व्हावा म्हणून तीन पिढ्या एडके निवडणारी. कुठल्या मेंढीला कुठून काय उतरलं ते इथली शेंबडी पोरंही सांगतील. पण रोगालाही पिल्लं होतात, आणि आपण निवडतो तशी ती निघतात, हे त्या दिवशी स्कोन खाणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. माझ्या डोक्यात तेव्हा क्वार्टरमेन यांच्या नव्या दातांचा विचार होता.

वसंत आला, डास आले, अल्बीने पिंजरे उघडले. पंधरवड्यात टेकाडावर सगळीकडे सुजलेले डोळे. पबमध्ये अल्बीला बिअर पाजली गेली. डल्सीने खड्ड्यावरचा पत्रा काढून आत शेण घालून ठेवलं. मी तिला जाळीचं कुंपण भेट दिलं, झाडाभोवती लावायला.

आणि मग ससे बरे व्हायला लागले.

अल्बीने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं नजरचूक असेल. नाकावर वाळलेली खपली, कानाला भोक, आणि ससा कुंपणाखालून सुसाट पळाला. दुसऱ्या दिवशी तसे चार. मग मोजणं सोडून दिलं. काही मेले, अगदीच मेले नाहीत असं नाही. पण जे उरले ते पुरेसे होते, आणि उरलेल्यांना आता काही होईना. नदीकाठचा कडक रोगाचा ससा अल्बीने पोत्यात घालून आणला, त्यांच्यात सोडला. तो एकटा मेला. खपलीवाले त्याच्या बाजूला चरत राहिले.

गावाला आता दोषी सापडला. “नर्सने रोगाला बरं केलं!” हे वाक्य कुणाचं होतं माहीत नाही, चांगलं होतं, मीही दोन-तीन ठिकाणी पोचवलं. शेजारचे मेंढपाळ मात्र हसत नव्हते. ‘टेकाडावरचे ससे आमच्याकडे येणार, अल्बीने आमचा मिक्सो बिघडवला.’ दुकानात डल्सी आली की बायका पिठाच्या भावाबद्दल बोलायला लागायच्या.

त्याच सुमाराला सरकारी संशोधन खात्याचा इनिस नावाचा शास्त्रज्ञ आला. तरुण, उन्हाने नाक सोललेला. त्याने टेकाडावरून आणि नदीकाठच्या पुष्कळ गावांतून नमुने नेले, प्रयोगशाळेतल्या ज्या सशांनी रोग कधी पाहिला नव्हता त्यांना ते टोचले, आणि परत आल्यावर माझ्याच एक्सचेंजवरून कॅनबेराला फोन लावला. यंत्र माझ्या कानावर राहून गेलं.

“हो साहेब, फक्त मेरिंगल नाही,” तो सांगत होता. “नदीभर तेच. सोडला तो विषाणू आता फार थोड्या ठिकाणी आहे. सगळीकडे सौम्य झालेला. नाही साहेब, पिंजरे फक्त इथे एकाच माणसाने ठेवले होते. बाकी आपोआप.”

मी त्या संध्याकाळी दुकानात, चर्चमध्ये, पबच्या मागच्या दाराशी सगळ्यांना सांगितलं. अल्बीचा दोष नाही, सगळीकडे झालंय, शास्त्रज्ञाच्या तोंडून ऐकलंय. “विनी, तू तर मागच्या वर्षी पाद्रीबाबांचं लग्न लावलं होतंस,” लोक म्हणाले. आयुष्यभर मी उठवलेल्या सगळ्या वावड्या गावाने तोंडाला पाणी सुटून ऐकल्या, आणि ही एक खरी गोष्ट कुणी घेतली नाही.

इनिस टेकाडावर निरोप घ्यायला गेला तेव्हा मी जाणूनबुजून त्याला रस्ता दाखवायला गेले. अल्बी रिकाम्या पिंजऱ्यांपाशी बसला होता.

“नदीकाठी कुणी निवडलं?” त्याने विचारलं.

“कुणी नाही,” इनिस म्हणाला. “डासाला जिवंत सशाची गाठ लागते, मिस्टर ट्रेगोनिंग. जो विषाणू आठवड्यात ससा मारतो, त्याला पुढे जायला आठवडाच मिळतो. जो महिनाभर ससा जगवतो त्याला महिना मिळतो. हिवाळ्यात डास कमी, तेव्हा तर रेंगाळणाराच तरतो. सगळे मारून टाकले तर विषाणू राहणार कुठे? घर जाळून कुणी घरात राहत नाही.”

“त्याला हे कळतं?”

“काही कळत नाही. त्याच्या नकला निघतात, क्वचित एखादी चुकते. चुकलेली टिकली तर टिकली. आणि ससेही आता पहिले नाहीत. जे वाचले त्यांची पिल्लं थोडी चिवट निघणार. मग पुन्हा विषाणू बदलेल. हे थांबायचं नाही.”

पुष्कळ वर्षांनी माझ्या भाचीने मला समजावलं की हा विषाणू देवीच्या रोगाच्या कुळातला, डीएनएचा. सर्दी-पडशाच्या विषाणूंसारखे हे उतावळे नसतात म्हणे, नक्कल जपून करतात. पण एका आजारी सशातच इतक्या नकला की जपून केलेल्या चुकाही पुरतात. असो. त्या दिवशी अल्बीला यातलं काही नको होतं.

“म्हणजे चूक माझी नाही,” तो म्हणाला.

इनिसने टोपी काढून हातात फिरवली. “पिंजऱ्यात झालं ते तुम्ही केलं. नदीकाठी झालं ते कुणीच केलं नाही. टेकाडावरचे ससे यातल्या कुठल्याने वाचले ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.”

“काही तरी एक सांगा हो,” दारातून डल्सी म्हणाली. “दोष असला तर असला म्हणा. माणूस जेवत नाहीये.”

इनिसने खोटा दिलासा न देता टोपी डोक्यावर घातली. प्रामाणिक होता, म्हणून मला त्याचा राग आला.

नाताळच्या आदल्या आठवड्यात अल्बी आणि डल्सीने मिळेल ते सगळं केलं. सापळे, बिळांत धूर, फावड्याने बिळं बुजवणं. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात, त्या उन्हात! डल्सीचे हात नवऱ्यासारखे दिसायला लागले. आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी क्वार्टरमेन आले, संध्याकाळच्या सुमाराला. ते येताना त्यांच्या मोटारीत मीही होते, केक पोचवायच्या निमित्ताने.

अल्बीने लपवालपवी केली नाही. तो त्यांना टेकाडाच्या माथ्यावर घेऊन गेला. ऊन उतरलं तसं एकेक बीळ हलायला लागलं. राखाडी पाठी, फाटके कान, खपल्यांची नाकं.

“हे माझे आहेत, मालक,” अल्बी म्हणाला. “मी राखलेल्या रोगाने वाचवलेले. तुमचा शब्द पाळायची वेळच आली नाही. आम्ही सोमवारी निघू.”

क्वार्टरमेन यांनी चष्मा काढून पुसला. टिकाऊ वाण धर असं कोण म्हणालं होतं, हे त्यांना आठवलं असावं, कारण ते माझ्या नजरेला नजर देईनात. मी मुद्दाम देत होते.

“निघायचं कशाला?” ते शेवटी म्हणाले. “ससे परत आले म्हणजे सापळेवाला लागणारच. कातडीला गिऱ्हाईक आहे. घरात राहा. पट्टा नाही देता येणार, ते साफ टेकाडासाठी होतं. पण ससे असतील तोवर घर तुमचं. ससे संपले की मी इथे मेंढ्यांचा माणूस ठेवीन.”

“ससे असतील तोवर,” अल्बी म्हणाला.

“मला वाटतं ही सोय वाईट नाही.”

ते मोटारीकडे गेले. डल्सी मागच्या दारी गेली, तिने रॉकेलचा डबा आडवा केला, पत्र्याच्या कात्रीने तो कापला. आतली मुळं डब्याच्याच आकाराची झाली होती, चौकोनी. तिने ती हाताने सोडवली, एकेक, आणि झाड खड्ड्यात उभं केलं. मी माती लोटली. अल्बी लांब उभा होता.

“पट्टा नाही, डल्सी,” तो म्हणाला.

“माहीत आहे. झाडाला वाचता येत नाही.”

त्यानंतर अल्बी कामाला असा लागला की जणू सशांनी त्याच्या बापाला मारलंय. दर सकाळी पोतं भरून. नर, मादी, पिल्लं, काही सोडायचा नाही. टेकाड साफ करून दाखवायचं, गावाला दाखवायचं, हा त्याचा ध्यास. जुने सापळेवाले पोटुशी मादी सोडून द्यायचे, पुढच्या मोसमाची बेगमी म्हणून. हा ती आधी मारायचा. माथ्याकडची बिळं खरंच ओस पडायला लागली.

मी गेले होते त्या सकाळी डल्सी पोत्यापाशी उभी होती. पोत्यात काही तरी हलत होतं. तिने हात घालून एक मादी बाहेर काढली, पोटाने जड, कानाला भोक. अल्बी पुढे झाला.

“दे इकडे.”

“नाही.”

“डल्सी, हीच सहा-सात घालेल. दे.”

“आणि ही मेली की मग? मग त्या माथ्यावरच्या मेल्या की?” तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने मादी छातीशी धरली होती. “सगळे मारलेस तर आपण राहायचं कुठे, अल्बी? ते झाड मी पुन्हा उपटणार नाही. सांगून ठेवते.”

अल्बीने माझ्याकडे पाहिलं. तिथे इनिस असता तर कदाचित हसला असता. मला हसू आलं नाही. डल्सीने कुंपणापाशी जाऊन मादी खाली ठेवली. ती क्षणभर बसली, मग पळाली. अल्बी पिंजऱ्यांच्या रिकाम्या रांगेवर बसला आणि त्याने दोन्ही ओरखडलेले हात गुडघ्यांवर उलटे ठेवले, कुणी तरी तपासायला येणार असल्यासारखे.

त्या वर्षी लोकर कातरणी झाल्यावर क्वार्टरमेन यांचा फोन आला. अल्बी कातडी पोचवायला गावात आला होता, तो फोनखोलीत शिरला. आता त्याला आणखी वाकावं लागत होतं. डल्सीच्या झाडाला पहिली फुलं आली होती, ते तिने मला आधीच कळवलं होतं, आणि अल्बी आता पोटुशी माद्या सोडून देतो हेही.

“काय अल्बी, टेकाडावर कसं काय?”

अल्बीने काचेतून माझ्याकडे पाहिलं. या माणसाने उभ्या जन्मात खोटं बोलल्याची एकही बातमी माझ्याकडे नव्हती, आणि माझ्याकडे सगळ्यांच्या असायच्या.

“कमी होताहेत, मालक,” तो म्हणाला. “हळूहळू.”

मी कानावरचं यंत्र काढून ठेवलं.